प्रहसनातली शपथ खरी आहे

मा. संपादक, स.न.वि.वि.

आमच्या रामबागेतल्या गणेशोत्सवात मुलांनी तंबाखू कंपन्यांच्या लॉबीवर प्रहसन केलं. सात साहेब हात वर करून "निकोटिनचं व्यसन लागत नाही" म्हणाले, तेव्हा मांडवात हशा पिकला. मला हसू आलं नाही. 14 एप्रिल 1994 रोजी अमेरिकी संसदेच्या उपसमितीसमोर सात कंपन्यांच्या प्रमुखांनी शपथेवर हेच सांगितलं होतं!

आपल्याकडे पाकिटावरचा 85 टक्के सचित्र इशारा एप्रिल 2015 पासून यायचा होता. एप्रिल 2016 उजाडला. मध्य प्रदेशात गुटखाबंदी 2012 पासून आहे. पण कोपऱ्यावरच्या टपरीवर पानमसाल्याची पुडी वेगळी, तंबाखूची वेगळी. गिऱ्हाईक तिथेच दोन्ही फाडून तळहातावर एकत्र करतं.

माझ्या धाकट्या भावाचं तोंड आता बोटभरच उघडतं. पोळी दुधात कुस्करून चमच्याच्या टोकाने भरवते. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारातला भुट्ट्याचा कीस त्याच्या जिवाभावाचा. आता तिखटाचा कणही सोसत नाही.

शाळेपासून 100 यार्डांच्या आतल्या टपऱ्या नगर निगमने आधी उठवाव्यात. आणि मुलांचं प्रहसन पुढच्या वर्षी राजवाड्यासमोर व्हावं, मांडवाचा खर्च मी देते.

– एक भगिनी, रामबाग, इंदूर