फोटोच्या कोपऱ्यातला ऊस

माननीय संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मी अंबाजोगाई तालुक्यातला, खता-बियाणांचं छोटं दुकान आहे, तुमचा पेपर रोज दुकानातच वाचतो. पत्र पहिल्यांदाच लिहितोय. मोटारसायकलवर आलेल्या एका चलानाबद्दल आहे. गाव आणि ऑफिसचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण कुणा एका साहेबावर राग काढायचा नाही, आणि हे आमच्याकडं कुठंही घडू शकतं.

उसाचा सीझन चालू होता. रात्री पावणेनऊच्या आसपास नातेवाइकाकडून घरला येत होतो, मंडळी पाठीमागं बसलेली, गाडी चाळीसच्या आत. गावाच्या तोंडाशी कॅमेऱ्याचा खांब आहे त्याच्या अलीकडं समोरून एका गाडीनं अप्पर मारला, डोळ्यापुढं अंधारी आली, आणि ती गाडी निघून गेल्यावर दिसलं की माझ्याच साइडला उसाची डबल ट्रॉली उभी आहे. पाठीमागं रेडियम नाही, लाल लाइट नाही, चाकाखाली दगड लावलेले आणि ऊस दोन-अडीच हात बाहेर आलेला. रस्त्यावर चिपाडं पडलेली, तिथं जोरात ब्रेक मारला असता तर गाडी घसरून दोघंही सरळ ट्रॉलीखाली गेलो असतो. डावीकडं साइडपट्टी नव्हती, खोल चारी होती. समोरचा रस्ता तेवढा वेळ मोकळा दिसला म्हणून हँडल उजवीकडं ओढलं, मधली सलग रेघ ओलांडली, ट्रॉली गेली की परत आपल्या बाजूला आलो. सगळं मिळून चार-पाच सेकंद.

पुढं जाऊन थांबलो. ट्रॅक्टरवालं पोरगं विशीचं असेल, एक्सल तुटला होता, मालकाला फोन लावत बसलं होतं. त्याला बोलायला म्हणून थांबलो होतो पण ते स्वतःच इतकं घाबरलेलं होतं की बोलवलं नाही. ट्रॉलीचा फोटो काढून आमच्या गावाच्या ग्रुपवर टाकला, "सावकाश या, ट्रॉली बंद पडलीय", वेळ ८:५१.

दोन दिवसांनी मोबाइलवर मेसेज आला, धोकादायक वाहन चालवलं म्हणून एक हजार रुपये. चलानातल्या फोटोत मी आहे, गाडीचा नंबर आहे, रेघेच्या पलीकडं गेलेलं चाक आहे. ट्रॉली फोटोत नाही. नीट मोठा करून बघितला तर डाव्या कोपऱ्यात उसाची चार टोकं दिसतात, तेवढीच.

मी रेघ ओलांडली हे मान्यच आहे, ते मी कुठंच नाकारलं नाही. ऑनलाइन तक्रारीची सोय आहे तिथं सगळं लिहिलं, ग्रुपवर टाकलेला फोटो वेळेसकट जोडला. काही दिवसांनी तक्रार फेटाळल्याचं आलं, चलान योग्य आहे एवढी एक ओळ, का योग्य ते नाही. मग दुकान बंद ठेवून ऑफिसला गेलो. तिथले हवालदार चांगले बोलले, पाणी दिलं, पण म्हणाले आम्हाला इथं फोटोच दिसतो, व्हिडिओ कंट्रोल रूमला असतो, हजार रुपयांसाठी कशाला फिरता, भरून टाका. आणि बहुतेक लोक भरूनच टाकतात, कारण एक दिवस काम बुडवून जाण्यायेण्याला जे जातं ते हजाराच्या पुढं जातं.

माझा भाचा वकिली करतो, त्यानं सांगितलं ते वाचकांच्या कामी येईल म्हणून लिहितो. हे चलान मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ चं आहे, कोर्टात गेलं तर पहिल्या वेळी एक हजार ते पाच हजार दंड किंवा सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही. म्हणजे कागदावर हा साधा गुन्हा नाही. आणि कॅमेऱ्यानं चलान करायचे जे नियम केंद्रानं ऑगस्ट २०२१ मध्ये काढले, नियम १६७अ, त्यात लिहिलंय की चलानाचा निकाल लागेपर्यंत ते रेकॉर्डिंग जपून ठेवायचं. मग जपून ठेवलेलं बघायचं कधी? तक्रार आल्यावरच ना?

दुसरं त्यानं दाखवलं ते भारतीय न्याय संहितेचं कलम १९, जुन्या दंड संहितेत हेच कलम ८१ होतं. दुसरं नुकसान टाळायला, मनात वाईट हेतू न ठेवता, प्रामाणिकपणे केलेली गोष्ट गुन्हा धरायची नाही, असं ते आहे. त्यात उदाहरण दिलंय जहाजाच्या कप्तानाचं. त्याची काही चूक नसताना समोर वीस-तीस माणसांची होडी येते, थांबायला वेळ नाही, तो जहाज वळवतो, आणि वळवताना दोन माणसांच्या दुसऱ्या होडीला धोका होऊ शकतो तरी कायदा त्याला गुन्हेगार म्हणत नाही. १८६० सालच्या कायद्यात हे लिहिलंय साहेब, तेव्हा आपल्याकडं मोटारसुद्धा नव्हती. माझ्या केसमध्ये तर दुसऱ्या होडीत कुणी नव्हतंच, समोरचा रस्ता मोकळा होता.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे की तक्रार फेटाळायच्या आधी त्या फोटोच्या पुढची-मागची दहा-वीस सेकंदं कुणीतरी माणसानं बघावी, आणि तरीही फेटाळायची असेल तर कारण दोन ओळीत लिहावं. कॅमेरे काढा असं मी म्हणत नाही, आमच्या चौकात कॅमेरा आल्यापासून पोरांचं ट्रिपल सीट कमी झालंय हे मी रोज दुकानातून बघतो.

आणि ट्रॉलीचं पण बघा. गाळप सुरू व्हायच्या आधी कारखान्याच्या गेटवर रेडियम लावल्याशिवाय ट्रॉलीला नंबर द्यायचाच नाही असं ठरवलं तर किती खर्च येतो? काही शे रुपये. सोयाबीन रस्त्यावर वाळत घालून कडेला दगड मांडतात, ते दगड रात्री तसेच राहतात, तिथंही हीच गत.

मी हजार रुपये अजून भरलेले नाहीत. लोकअदालतीत कमी होतील असं सगळे सांगतात, पण तिथं तडजोड होते, आणि तडजोड केली की माझी चूक होती का नव्हती हा प्रश्नच राहत नाही. नोटीस आली तर जाणार आहे, सही करणार नाही, ८:५१ चा फोटो सोबत नेणार आणि त्या रात्रीचा व्हिडिओ मागणार.

आपला,
एक वाचक, ता. अंबाजोगाई, जि. बीड