मे महिन्याच्या दुपारी मोजा धावपट्टी

प्रति,
मा. नागरी हवाई वाहतूक मंत्री, भारत सरकार

महोदय,

कोकणात छोट्या धावपट्टीचा विषय निघाला की पहिला प्रश्न असतो, 'विमान उतरेल ना?' उतरेल हो. माणसं-सामान भरून परत उडेल का, ते विचारा.

सिंधुदुर्गच्या चिपी विमानतळाला 2500 मीटर पट्टी आहे, तिथे छोट्या विमानाला चिंता नाही. चिंता यापुढे होणाऱ्या छोट्या पट्ट्यांची. चार आसनी सेस्ना 172 घ्या. कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे समुद्रसपाटीला, 15 अंश तापमानात, चाकं टेकल्यावर थांबायला सुमारे 175 मीटर पुरतात. उडताना चाकं जमिनीवरून उचलायलाच 293 लागतात, आणि टोकाचा 50 फुटी अडथळा, म्हणजे आपला एखादा माड, ओलांडायचा तर 497. प्रवासी नेणारी विमानं याहून जड.

आता 15 अंश आमच्याकडे दुपारी कुठले? 35 अंशांत हवा एवढी विरळ होते की किनाऱ्यावरचं विमान सुमारे 2400 फुटांवर असल्यासारखं वागतं. पंखांना उचल कमी, इंजिनाला दम कमी. त्यात एका अंगाला डोंगर म्हणून एकाच दिशेने उडावं लागलं आणि खारा वारा पाठीमागून आला, तर याच सेस्नाला वाऱ्याच्या दर दोन नॉट (ताशी सुमारे पावणेचार किलोमीटर) वेगामागे 10 टक्के जास्त पट्टी लागते.

आणि आमची गर्दी असते मे महिन्यात! चाकरमानी, त्यांचं सामान, वर हापूसच्या पेट्या. विमान सर्वांत जड असतं तेव्हाच हवा साथ सोडते. दुसरी गर्दी गणपतीत. तेव्हा सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळपठारावर, ढग उतरलेले आणि पट्टी ओली, ब्रेक नीट धरत नाहीत.

सड्यावरच्या पट्टीच्या टोकापलीकडे उतार असतो. मंगळूरला 2010 मध्ये आणि कोळिकोडला 2020 मध्ये मोठी विमानं अशाच पठारावरून खाली गेली. दोन्हीकडे पट्टी अडीच-पावणेतीन किलोमीटरच्या आसपास होती, पण चाकं फार पुढे जाऊन टेकली.

म्हणून जागा ठरवण्याआधी त्या सड्यावर वर्षभर वारा आणि तापमान मोजा. मे महिन्यातल्या दुपारचं भरलेलं उड्डाण आणि पावसातलं उतरणं, दोन्हींचं अंतर काढा आणि जे जास्त तेवढी पट्टी धरा. टोकांपलीकडची मोकळी जागा पहिल्याच भूसंपादनात घ्या. पाच वर्षांनी पुन्हा कुणाची कलमं मागायला येऊ नका. हा सगळा हिशेब मराठीत, ग्रामसभेच्या आधी, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.

आपला,
सिंधुदुर्गातला एक नागरिक