वर चढायला हरकत नाही, पण किंमत बघून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२६ जून २०२५ ला पहाटे (अमेरिकेत २५ च्या रात्री) एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, ड्राफ्ट झाला. आपण त्याची सविस्तर बातमी दिलीत, त्याबद्दल आधी आभार. इंग्लंड दौऱ्याच्या धामधुमीत बास्केटबॉलला एवढी जागा मिळणं आमच्यासाठी मोठी गोष्ट आहे. मात्र न्यू ऑर्लिन्स पेलिकन्सने २३ व्या क्रमांकावरून थेट १३ व्यावर जाऊन डेरिक क्वीनला घेतलं, त्याला बातमीत ‘धाडसी चाल’ म्हटलं आहे. मी शाळेतल्या मुलींना बास्केटबॉल शिकवते आणि एनबीए बरीच वर्षं बघते. मला ही शुद्ध उधळपट्टी वाटली.

आयपीएलचा लिलाव बघणाऱ्यांसाठी थोडं सांगते. ड्राफ्ट म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडणं. त्यात बोली नसते, पाळी असते. हरणाऱ्या संघांना आधी पाळी मिळते आणि पहिले चार क्रमांक लॉटरीने ठरतात. आयपीएलमध्ये कुणी पुढच्या वर्षीच्या पैशातून आज बोली लावू शकत नाही. एनबीएमध्ये पुढची पाळी आजच देऊन टाकता येते, तीही सात वर्षं पुढपर्यंतची. क्लीव्हलंड संघाचे तेव्हाचे मालक टेड स्टेपियन यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पहिल्या फेरीतल्या पाळ्या अशा काही वाटून टाकल्या, की लागोपाठच्या दोन वर्षांच्या देता येणार नाहीत असा नियम लीगला करावा लागला. तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. माणसाला यापेक्षा वाईट स्मारक मिळणं कठीण.

आता न्यू ऑर्लिन्सने दिलं काय ते बघा. २३ वा क्रमांक तर दिलाच, वर २०२६ ची पहिल्या फेरीतली पाळी, १३ वा क्रमांक ज्यांच्याकडे होता त्या अटलांटाला दिली. त्यांची स्वतःची आणि मिलवॉकीची, या दोन्हींपैकी जी वरची ठरेल ती, आणि तीही कुठल्याही संरक्षणाशिवाय. संरक्षण म्हणजे ‘पाळी पहिल्या पाचात आली तर आमचीच’ अशी अट. इथे तसं काहीच नाही. उद्या पहिला क्रमांक लागला तरी तो अटलांटाचा. देणारा संघ यंदा २१ जिंकून ६१ हरलेला. डेजाँते मरे टाचेच्या दुखापतीने बाहेर, झायन विल्यमसन ८२ पैकी ३० सामने खेळला. मिलवॉकीच्या डेमियन लिलार्डची टाच एप्रिलमध्ये गेली. यातला एक तरी संघ पुढच्या वर्षी तळाला जाण्याची शक्यता कमी आहे, असं कोण म्हणेल? कोकणात मोहोर यायच्या आधी बाग मक्त्याने देणारासुद्धा निदान झाडं मोजून देतो.

खुद्द २३ वा क्रमांकही फुकटचा नव्हता. ड्राफ्टच्या आठवडाभर आधी इंडियानाची २०२६ ची पाळी इंडियानालाच परत करून तो मिळवला होता. त्यानंतर २२ जूनला अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात इंडियानाचा टायरिस हॅलिबर्टन टाचेच्या दुखापतीने कोसळला. म्हणजे ती पाळीही आता वर सरकणार. हे कुणाला आधी दिसणं शक्य नव्हतं, मान्य. पण उद्याचं दिसत नसतं, म्हणूनच तर उद्याची पाळी कोरी सही करून द्यायची नसते.

२०१९ पासून लॉटरीचं गणितही बदललं आहे. तळाच्या तीन संघांना आता पहिल्या क्रमांकाची प्रत्येकी १४ टक्केच संधी असते, त्यामुळे मधले संघही वर उडी मारतात. २०२४ मध्ये अटलांटाला ३ टक्के संधीवर पहिला क्रमांक लागला. यंदा डॅलसला १.८ टक्क्यावर लागला आणि कूपर फ्लॅग मिळाला. (डॅलसने आपला हुकमी खेळाडू लुका डॉन्चिच लेकर्स संघाकडे पाठवून पाच महिनेही झाले नव्हते. नशिबाला तारतम्य नसतं.) यापुढे कुठल्याही संघाची बिनसंरक्षित पाळी सामान्य समजून चालणार नाही.

क्वीनवर माझा राग नाही. मार्चमध्ये मेरीलँड विद्यापीठाकडून खेळताना शेवटच्या क्षणी तोल जात असताना त्याने चेंडू बोर्डावर टाकला, तो आत गेला आणि कोलोरॅडो स्टेट एका गुणाने हरलं. एवढ्या उंच मुलाचे हात आणि नजर अशी चालणं दुर्मीळ आहे. तो मोठा खेळाडू झाला तर मला आनंदच होईल. तरीही ही किंमत जास्तच राहील, कारण खेळाडू कसा निघेल हे कुणाच्याच हातात नसतं, किंमत मात्र आपल्या हातात असते.

२०१७ मध्ये फिलाडेल्फियाने बॉस्टनशी व्यवहार करून, तिसऱ्यावरून पहिल्या क्रमांकावर जाऊन मार्केल फुल्ट्झला घेतलं. तेव्हा बहुतेक जाणकार त्यालाच पहिला मानत होते. मग खांद्याजवळच्या नसांचं दुखणं निघालं. फ्री थ्रोला उभा राहिला की चेंडू वर नेता नेता मध्येच हात अडखळायचा. गुडघे, कोपर, मनगट एका ओळीत सलग जायला हवं हे आम्ही दहा वर्षांच्या मुलींना घोकून घेतो, आणि ड्राफ्टमधल्या पहिल्या मुलाच्या शरीरातून ते नाहीसं झालेलं बघवत नव्हतं. फिलाडेल्फियाकडून तो ३३ सामने खेळला. तिसऱ्या क्रमांकावर बॉस्टनने जेसन टेटम घेतला आणि २०२४ मध्ये विजेतेपद मिळवलं.

पण २०१७ मध्ये लीगच्या पूर्व विभागात अव्वल आलेल्या बॉस्टनकडे पहिला क्रमांक आलाच कसा? २०१३ मध्ये ब्रुकलिनने केव्हिन गार्नेट आणि पॉल पिअर्स या उतरत्या वयातल्या खेळाडूंसाठी बॉस्टनला बिनसंरक्षित पाळ्या आणि २०१७ ची पाळी बदलून घेण्याचा हक्क दिला होता, म्हणून. जेलन ब्राऊनही त्यातूनच आला.

वर चढूच नये, असं माझं म्हणणं नाही. २०१८ मध्ये डॅलसने पाचव्यावरून तिसऱ्यावर जाऊन डॉन्चिच मिळवला. त्यासाठी पाचवा क्रमांक आणि २०१९ ची पाळी दिली, पण पहिल्या पाचात आली तर आपल्याकडेच राहील ही अट घालून. ती दहावी निघाली. शिवाय डॉन्चिच एकोणिसाव्या वर्षी रेआल माद्रिदकडून मोठ्या माणसांमध्ये खेळून युरोलीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता, म्हणजे पुरावा समोर होता. व्यवहार अजून कागदावर यायचा होता म्हणून त्या रात्री मंचावर त्याच्या डोक्यावर अटलांटाची टोपी होती. दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या सॅक्रामेंटोला तर चढायचीही गरज नव्हती. मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांच्या या संघाने मार्व्हिन बॅगलीला घेतलं. आम्हा मराठी चाहत्यांना ते अजून सलतं.

त्याच ड्राफ्टमध्ये क्लिपर्स बाराव्यावरून अकराव्यावर गेले, दुसऱ्या फेरीतल्या दोन पाळ्या देऊन. मिळाला शाय गिल्जस-अलेक्झांडर. चढावं ते असं. पुढच्याच वर्षी पॉल जॉर्जसाठी त्यांनी त्याला ओक्लाहोमा सिटीला देऊन टाकलं, सोबत पहिल्या फेरीतल्या पाच पाळ्या. त्यातल्या एकीतून जेलन विल्यम्स आला. आणि परवा, ड्राफ्टच्या तीनच दिवस आधी, ओक्लाहोमा सिटी विजेती झाली. हे सगळं ताजं असताना न्यू ऑर्लिन्सच्या कार्यालयात कुणालाच ते आठवलं नाही, याचं मला नवल वाटतं.

शेवटी एक विनंती. आपल्या बातमीत दिलेल्या किमतीबद्दल ‘भावी निवडीच्या मोबदल्यात’ एवढंच होतं. कोणत्या वर्षाची, कुणाची, संरक्षण आहे की नाही, हे पुढच्या वेळी छापावं. चौकटीत तीन ओळी पुरतील, आणि त्यावरून व्यवहार धाडसी की महाग हे वाचक स्वतः ठरवतील.

आपली,
एक वाचक, पुणे