फायरप्लेसच्या सर्व्हिसिंगबाबत आई-बाबांना पत्र

व्हँकुव्हर

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस शिरसाष्टांग नमस्कार.

गॅसवरच्या फायरप्लेसच्या सर्व्हिसिंगसाठी मी परवानाधारक गॅसफिटर ठरवला आहे. तो येत्या गुरुवारी सकाळी कॅल्गरीच्या घरी येईल आणि त्याचे पैसेही मी भरले आहेत. तुम्हाला न विचारता ठरवले याचे कृपया वाईट वाटून घेऊ नका. बाबा, तुमच्या कसबाबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. परंतु काच उतरवायची म्हणजे जमिनीवर बसून चाप सोडवायचे आणि ती जड काच दोन्ही हातांनी पुढे ओढून घ्यायची. खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर तुम्ही हे करत आहात, ही कल्पनाही मला सहन होत नाही. शिवाय सांगलीच्या कारखान्यात बॉयलर कितीही सुरळीत चालला तरी १९२३ च्या कायद्याप्रमाणे त्याचे प्रमाणपत्र जास्तीत जास्त बारा महिन्यांचेच असे, आणि निरीक्षकाने तपासल्याशिवाय तो पुन्हा पेटत नसे, हे तुम्हीच आम्हाला सांगितले आहे. तोच नियम घरातल्या आगीलाही लावावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

काचेवरचा पांढुरका थर पाहून तुम्ही अस्वस्थ होता, हे मला ठाऊक आहे. तो ज्वलनातून बसतो आणि वेळेवर पुसला नाही तर कायमचा राहतो; पण नेहमीच्या अमोनियायुक्त काच-क्लिनरने किंवा घासणीने तो काढू नये, त्यासाठी फायरप्लेसच्या काचेचे वेगळे क्लिनर मिळते, आणि काच पूर्ण गार झाल्याखेरीज तिला हात लावू नये. काळी काजळी मात्र निराळी गोष्ट आहे. ती दिसली तर गॅस नीट जळत नाही, असे समजावे. बर्नरची छिद्रे धुळीने बुजली असतील किंवा सिरॅमिकचे ओंडके जागचे हलल्यामुळे ज्योत त्यांच्यावर आदळत असेल. आई, ते ओंडके नक्षीसाठी ठेवलेले नाहीत, म्हणून झाडताना तू ते सरकवू नकोस. ते कंपनीच्या आकृतीप्रमाणेच बसवावे लागतात, आणि जुन्या ओंडक्यांची धूळ श्वासातून जाणेही चांगले नाही.

मला खरी भीती कार्बन मोनॉक्साइडची वाटते. गळणाऱ्या गॅसला वास असतो, याला रंगही नाही आणि वासही नाही. डोके दुखते, चक्कर येते, मळमळते, आणि तुमच्या वयात माणूस ‘पित्त झाले असेल’ म्हणून झोपून जातो. आपली फायरप्लेस बंद काचेची असल्याने ज्वलनाची हवा बाहेरून येते आणि धूर आतल्या नळीने बाहेर जातो. काचेभोवतीचे गॅस्केट, म्हणजे फट हवाबंद ठेवणारी पट्टी, झिजले किंवा बाहेरचे तोंड बर्फाने बुजले, तर हा हिशेब बिघडतो. म्हणून झोपण्याच्या खोल्यांबाहेर लावायला नवे अलार्म पाठवले आहेत. जुन्यांची मुदत त्यांच्या पाठीवर छापलेली असते, ती उलटली असेल तर ते टाकून द्या.

फायरप्लेस बंद करा, असे मी मुळीच म्हणत नाही. वजा तीस अंशांत वीज गेली तरी ती पेटते, कारण पायलटच्या, म्हणजे सतत तेवणाऱ्या छोट्या ज्योतीच्या, उष्णतेतूनच तिला लागणारी थोडी वीज तयार होते, हा बाबांचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. आईच्या गुडघ्यांना त्या उबेने जो आराम मिळतो, तो कुठल्याच मलमाने मिळत नाही. गुरुवारपर्यंत घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचे (फर्नेसचे) तापमान दोन अंश वाढवा, बिलाचा विचार करू नका, आणि निळी गोधडी बाहेर काढा. बर्फातून आल्यावर आई माझी बोटे दोन्ही तळव्यांत धरून चोळत असे आणि गोठलेली खोबरेलाची बाटली फायरप्लेसपाशी ठेवत असे, ते मला अजून आठवते. पण आई, आता ती बाटली गरम पाण्यातच ठेव, आणि ओले मोजे फायरप्लेसच्या कठड्यावर वाळत घालू नकोस. काचेचे तापमान २०० अंशांच्या पुढे जाते. पुढची जाळी तू ‘शोभत नाही’ म्हणून काढून ठेवली आहेस, ती परत लावून घे. नातवंडे नाताळात येणार आहेत.

बाबा, तुमच्याकडे दोन कामे राहतील. मोठी बर्फवृष्टी थांबली की, निसरडे नसेल तर, बाहेरच्या नळीभोवतीचा बर्फ हलक्या हाताने काढायचा. निसरडे असेल तर शेजारच्यांना सांगायचे आणि तोवर फायरप्लेस पेटवायची नाही. दर महिन्याला अलार्मचे बटण दाबून पाहायचे. गॅसचा वास आला किंवा अलार्म वाजला, तर दिव्याचे बटणही न दाबता कोट घेऊन दोघांनी बाहेर पडायचे आणि ९११ ला फोन बाहेरूनच करायचा.

गॅसफिटर आल्यावर तुम्ही जवळ खुर्ची घेऊन बसा आणि गॅस्केट, पायलट व बाहेरची नळी तपासली का, हे त्याला विचारा. तुमच्याइतके बारकाईने मला विचारता येणार नाही. तो गेल्यावर त्याच्या कागदाचा फोटो मला पाठवा.

तुमची लेक