आई-बाबा, तो लॅपटॉप कुणाला देऊ नका

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर हे सगळं बोलणं होत नाही, आई मध्येच भाजी काय केलीस विचारते, बाबांना नीट ऐकू येत नाही म्हणून मी मोठ्याने बोलते आणि मूळ विषय राहूनच जातो. म्हणून यावेळी लिहूनच पाठवतेय. अक्षर मोठं ठेवलंय, समोरच्या दुकानातून प्रिंट काढून घ्या आणि दुपारी निवांत वाचा.

बाबा, लॅपटॉप. आता हा जुना झाला, देऊन टाका, असं दुकानदाराने सांगितलं ते अर्धंच खरं आहे. त्यावरच्या सिस्टिमला आता सुरक्षेचे अपडेट येत नाहीत हे बरोबर, नवी सिस्टिम त्या मशीनवर चढत नाही हेही बरोबर, पण म्हणून मशीन भंगारात का द्यायचं? स्क्रीन चांगली आहे, कीबोर्ड चांगला आहे, प्रोसेसर ठणठणीत आहे. माझा जुना लॅपटॉप पण असाच झाला होता, चालू व्हायलाच चहा होईपर्यंत वेळ लागायचा. ऑफिसमधल्या मैत्रिणीने मला एका पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट टाकून दिलं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट, खुली सिस्टिम. मला सगळ्यात आवडलं ते हे की आधी काही पुसावं लागत नाही. पेन ड्राइव्ह लावायचा, त्यावरूनच मशीन सुरू करायचं, वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, प्रिंटर ओळखतंय का सगळं बघून घ्यायचं, नाही पटलं तर बंद करून पेन ड्राइव्ह काढायचा, आपलं जुनं सगळं जागच्या जागी. मला पटलं आणि मग मी कायमचं टाकलं. हे मिंट क्लेमंट लफेव्हर नावाच्या फ्रेंच माणसाने २००६ मध्ये सुरू केलं, आणि त्याच्या २२ नंबरच्या मालिकेला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. तुमच्या मशीनमध्ये ४ जीबी रॅम आहे ना, त्यासाठी त्याची हलकी आवृत्ती आहे, एक्सएफसीई म्हणतात, ती टाकू. फक्त आतली फिरणारी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवायला लागेल, तो खर्च माझा, त्यावर बोलायचं नाही.

आई, तुझा प्रश्न मला माहितीये. फुकट देतात म्हणजे काहीतरी गोम असणार. तू भाजीवाल्याकडे पण फुकटची कोथिंबीर दोनदा बघून घेतेस, बरोबरच आहे तुझं. पण तू रोज जे वापरतेस तेच बघ. भजनी मंडळाचे व्हिडिओ ज्याच्यात लावतेस, तो नारिंगी शंकूवाला प्लेयर, व्हीएलसी, तो याच पंथातला. १९९६ मध्ये पॅरिसजवळच्या इकोल सांत्राल नावाच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांनी तो प्रोजेक्ट म्हणून सुरू केला, २००१ मध्ये सगळा कोड, म्हणजे प्रोग्रॅम ज्या ओळींनी लिहिलाय त्या, जगाला खुला करून दिला. तो सांभाळणाऱ्यांनी त्यात जाहिराती टाकायच्या मोठ्या मोठ्या ऑफर नाकारल्यात. इतकी वर्षं तू वापरतेस, कधी मध्येच जाहिरात आली? अशा गोष्टींना पैसा लागतोच, तो देणग्यांतून येतो, मोठ्या कंपन्या स्वतः हे वापरतात म्हणून त्या आपले इंजिनिअर त्यावर कामाला लावतात, आणि बरेच लोक खरंच रात्री जागून आवडीने करतात.

धोका अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. २०२४ च्या सुरुवातीला लिनक्समध्ये सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या एक्सझेड नावाच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये कुणीतरी मुद्दाम चोरदरवाजा घुसवला होता, आणि तो घुसवणाऱ्याने दोनेक वर्षं चांगलं काम करून आधी विश्वास कमावला होता. पकडला कसा गेला, तर आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला आपल्या मशीनवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं. अर्धा सेकंद! त्याने खणत खणत शोधून काढलं आणि सगळ्यांना सांगितलं, बहुतेकांपर्यंत पोचायच्या आत ते थांबलं. कोड उघडा होता म्हणून एका माणसाला शेवटपर्यंत खणत जाता आलं. हे वाचलं तेव्हा मला या लोकांबद्दल फार आदर वाटला.

आता बाबा, तुमच्या कुलवृत्तांताबद्दल, खरं तर हे पत्र त्याच्यासाठीच आहे. तुम्ही इतकी वर्षं बसून टाइप केलेल्या फाइली उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात आणि तुम्ही गप्प बसता, ते मला बघवत नाही. ते गेलेलं नाहीये. झालंय काय, त्या काळचे मराठी फॉन्ट युनिकोडचे नव्हते. फाइलीत खरी साठवलेली होती इंग्रजी अक्षरांचीच जागा, आणि वरून फॉन्टने त्यांना मराठीचं सोंग दिलं होतं. तो फॉन्ट दुसऱ्या मशीनवर नसला की सोंग उतरतं. युनिकोडमध्ये क म्हणजे क, जगातल्या कुठल्याही मशीनवर, फॉन्ट कुठलाही असो. त्यामुळे तुमच्या फाइली कन्व्हर्टरमधून बदलून घ्यायला लागतील, आणि मी पहिली काही पानं करून बघितलीत, होतंय! फक्त दोन ठिकाणी अडतं. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि रफार अक्षराच्या नंतर, युनिकोडमध्ये बरोब्बर उलटं. त्यामुळे 'विष्णु'ची वेलांटी आणि 'गोवर्धन'चा रफार कधीकधी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. माझ्या लक्षात येतील त्या चुका मी काढीन पण वंशावळीतली नावं तुम्हालाच तपासायला लागतील, गुहागरच्या शाखेत कोण कुणाला दत्तक गेलं हे घरात तुमच्याशिवाय आता कुणाला माहिती आहे.

आणि एकदा झालं की ते लिबरऑफिसमध्ये ठेवायचं, हे लिखाणाचं खुलं सॉफ्टवेअर. २०१० मध्ये ओपनऑफिस नावाच्या आधीच्या सॉफ्टवेअरवाले बरेचसे लोक वेगळे होऊन त्यांनी हे काढलं, त्याची संस्था बर्लिनला आहे. त्याची जी फाइल असते, ओडीटी, तिची रचना २००६ पासून आंतरराष्ट्रीय आयएसओ प्रमाण आहे, म्हणजे ती कशी वाचायची हे छापून जाहीर केलेलं आहे, एखादी कंपनी बंद पडली, दुकान उठलं तरी पुढचा कुणीही ती उघडणारा प्रोग्रॅम लिहू शकतो. चिनूची मुलं उघडतील. मला या सगळ्यात हेच सर्वात महत्त्वाचं वाटतं, पैसे वाचणं नंतर. तुम्ही लिहिलेलं तुमचं आहे, ते उघडायला कुणाची परवानगी, कुणाचं लायसन्स रिन्यू करणं असलं काही मध्ये यायलाच नको.

फॉन्ट पण बघून ठेवलेत. फॉन्ट बनवणाऱ्या मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्त', रोजच्या मजकुराला एकदम स्वच्छ, आणि गोत्र-प्रवर आणि संस्कृत श्लोकांच्या पानांसाठी आयआयटी मुंबईचा 'शोभिका', त्यात अवघड जोडाक्षरं फार सुरेख पडतात. दोन्ही खुले, पुस्तक छापून विकलंत तरी कुणी पैसे मागणार नाही. टाइपिंगची काळजी नको, तुम्ही शिकलात तोच इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आहे, स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. आणि आयआयटी मुंबईच्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिबरऑफिस मराठीतून शिकवलंय, छोटे छोटे दहाएक मिनिटांचे व्हिडिओ आहेत. तुम्ही निवृत्त शिक्षक आहात म्हणून सांगते, केरळमधल्या सरकारी शाळांतली मुलं कितीतरी वर्षं लिनक्सवरच कॉम्प्युटर शिकतायत, तुम्हाला अवघड जाईल हे मी ऐकूनच घेणार नाही.

आई, आता तुझं. मागच्या वेळी मी माळ्यावरची आजीच्या ओव्यांची एक कॅसेट घेऊन आले होते ना, ती झाली. प्लेयरच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून लॅपटॉपला जोडली, लॅपटॉपला नीट माइकचं भोक नव्हतं म्हणून काहीशे रुपयांचं यूएसबी साउंड कार्ड घेतलं, आणि ऑडॅसिटीमध्ये रेकॉर्ड केलं, तेही २००० सालापासूनचं खुलं सॉफ्टवेअर. कॅसेट जेवढी तेवढाच वेळ लागतो, घाई करता येत नाही, पडद्यावर आवाजाच्या लाटा उमटत जातात आणि आपण ऐकत बसायचं. टेपचा सूं आवाज काढायची पद्धत फार छान आहे. आजीने म्हणायला सुरुवात करायच्या आधी नुसती टेप फिरते ना, तेवढे दोन-तीन सेकंद निवडायचे आणि त्याला सांगायचं की हा आवाज नको असलेला आवाज आहे. मग सगळं रेकॉर्डिंग निवडून तेवढंच वजा करायला लावायचं. जास्त केलं की माणसाचा आवाज पोकळ, धातूचा लागतो, म्हणून मी थोडंच केलं आणि जात्याची घरघर तशीच राहू दिली. तिसऱ्या ओवीनंतर आजी खोकते आणि मागून तुझा आवाज येतो, "आणखी एक म्हणा ना." आई, तू तेव्हा माझ्याएवढीच असशील. मी ते किती वेळा ऐकलं.

ते फ्लॅक नावाच्या प्रकारच्या फाइलीत साठवलंय, त्यात आवाजाचा कणही जात नाही, आणि तुझ्या मोबाइलसाठी एमपीथ्री वेगळी केलीये. एक कॉपी माझ्याकडे पुण्यात, एक तुमच्या लॅपटॉपवर आणि एक हार्ड डिस्कवर. सिंकथिंग म्हणून आहे, ते दोन्ही घरची फोल्डर आपोआप सारखी ठेवतं, मध्ये कुणाच्याच सर्व्हरवर काही साठत नाही. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा खालचे अल्बम गेले, कॅसेट माळ्यावर होत्या म्हणून राहिल्या. मला परत नशिबावर सोडायचं नाहीये.

अजून एक वस्तू आणतेय. बाबा, तुम्ही टाकी भरली का बघायला गच्चीच्या शिडीवर चढता ते बंद. मी आर्डुइनोवर टाकीची पातळी दाखवणारं यंत्र केलंय. आर्डुइनो हा इटलीतल्या इव्रेया गावात २००५ मध्ये विद्यार्थ्यांसाठी केलेला छोटा बोर्ड, त्याचे सर्किटचे आराखडे पण खुले, म्हणून कुणीही बनवतं आणि स्वस्त मिळतो. टाकीच्या झाकणाखाली सेन्सर लावायचा, तो आवाज सोडतो, पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून पाणी किती खाली आहे ते कळतं, आणि स्वयंपाकघरात छोट्या पडद्यावर आकडा दिसतो. भरत आली की वाजतं. मोटरच्या लाइटला मी हात लावणार नाही, ते काम आपल्या नेहमीच्या वायरमनकडूनच करून घेऊ.

मोबाइलवर ऑर्गॅनिक मॅप्स टाकून देईन, कुंभार्ली घाटात रेंज गेली तरी नकाशा चालतो. त्यामागचा ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा लोकांनीच भरलाय, आपल्या आळीतलं देऊळ आणि दवाखाना मी भरलाय.

अडचणी पण सांगते. शेजारच्या काकांचं हिशेबाचं टॅली त्यावर सरळ चालणार नाही, तेव्हा त्यांना मशीन द्यायचं कबूल करू नका. प्रिंटर बहुतेक चालेल, स्कॅनरचं पेन ड्राइव्हवरून आधी तपासू. बँकेचं फायरफॉक्समध्ये व्यवस्थित होतं, मी तेच वापरते.

मी शिमग्याला येतेय, स्वारगेटहून एसटीने, चार दिवस सुट्टी टाकलीये. तोपर्यंत बाबा, फाइली जशा आहेत तशा एका पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा, एकही उडवू नका, अर्धवट वाटतात त्याही. आणि आई, राहिलेल्या कॅसेट प्लेयरमध्ये लावून बघू नकोस, जुन्या टेपा अडकून तुटतात, नुसत्या खाली काढून कोरड्या जागी ठेव आणि कुठल्या कॅसेटवर कोण म्हणतंय ते आठवेल तसं कागदावर लिही, बायोची आहे का, मावशीआजीची आहे का, साल अंदाजे चालेल.

बाबांनी गोळ्या वेळेवर घ्याव्यात.

तुमची,
मनू