जेल फिल्ट्रेशन रेणुभार मोजत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जीवरसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिक वह्यांत 'जेल फिल्ट्रेशनने प्रथिनाचा रेणुभार काढणे' हे शीर्षक सर्रास दिसते. ते बदलायला हवे. या पद्धतीत प्रथिनाचे द्रावण सच्छिद्र मण्यांनी भरलेल्या नळीतून (कॉलममधून) सोडतात. लहान रेणू मण्यांच्या छिद्रांत शिरून रेंगाळतात, मोठे आधी बाहेर पडतात. पण मण्यांना रेणूचे वजन कळत नाही. रेणू केव्हा बाहेर पडणार हे त्याच्या स्टोक्स त्रिज्येवर, म्हणजे द्रावणात त्याच्याइतकाच अडथळा अनुभवणाऱ्या गोळ्याच्या त्रिज्येवर ठरते. प्रथिन गोलसर असेल तर वजनाचा अंदाज जमून जातो, लांबट असेल तर साफ फसतो.

रक्त गोठवणारे फायब्रिनोजेन हे प्रथिनच घ्या. रेणुभार सुमारे 3,40,000, लांबी जवळपास 46 नॅनोमीटर, स्टोक्स त्रिज्या 10.7 नॅनोमीटर. थायरॉइड ग्रंथीतले थायरोग्लोब्युलिन 6,69,000 चे, पण त्याची त्रिज्या 8.5च. त्यामुळे निम्म्या वजनाचे फायब्रिनोजेन आधी बाहेर पडते आणि माहीत वजनांच्या प्रमाण प्रथिनांवरून काढलेल्या आलेखावर स्वतःच्या दुपटीहून जड भरते!

रेणू गोल की लांबट हे ताडायला साधे गणित पुरते. रेणुभाराच्या घनमुळाला 0.066 ने गुणले की तेवढ्या वजनाच्या घट्ट गोळ्याची त्रिज्या नॅनोमीटरमध्ये मिळते. बीएसए या गाईच्या रक्तातल्या प्रथिनाची (रेणुभार 66,000) येते 2.67, मोजलेली असते साधारण 3.5. भोवतीचे पाणी आणि खडबडीत पृष्ठभाग यांमुळे एवढा फरक पडतोच. फायब्रिनोजेनची मात्र येते 4.6. मोजलेली 10.7 म्हणजे रेणू नक्कीच लांबट. खरा रेणुभार हवा असेल तर अवसादन गुणांक, म्हणजे अतिवेगाने फिरणाऱ्या अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये रेणू किती वेगाने खाली बसतो त्याचे माप, लागतो. फायब्रिनोजेनचा तो 7.9; 4205 × गुणांक × त्रिज्या केले की 4205 × 7.9 × 10.7, म्हणजे सुमारे 3,55,000. अल्ट्रासेंट्रिफ्यूज नसले तरी प्रसिद्ध झालेला गुणांक घेऊन विद्यार्थ्यांना हे गणित करता येईल. प्रथिनाच्या साखळ्या उलगडून, सुट्या करून वजन काढणाऱ्या एसडीएस-पेज या पद्धतीचा आकडा मात्र इथे थेट वापरू नये. तो सुट्या साखळीचा असतो, आणि दोन साखळ्यांचे गोल प्रथिनही मग लांबट वाटू लागते.

प्रयोग करताना नमुना कॉलमच्या आकारमानाच्या एक-दोन टक्क्यांपेक्षा जास्त नको, नाहीतर पट्टे एकमेकांत मिसळतात. बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या, कॉलममधून वाहणाऱ्या द्रावणात) 0.15 मोलर मीठ हवेच. ते नसेल तर प्रथिन मण्यांना चिकटून उशिरा उतरते आणि आहे त्यापेक्षा लहान भासते. नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये फ्रीजमधला बफर थेट कॉलमवर ओतणे तर टाळाच. तो तापला की विरघळलेली हवा सुटते, बुडबुडे अडकून भरणीत भेगा पडतात, आणि मग कॉलम तपासायला सोडलेल्या ब्लू डेक्स्ट्रान या निळ्या रंगाच्या मोठ्या रेणूंचा पट्टाही वाकडा उतरतो.

प्रमाण प्रथिनांच्या तक्त्यात रेणुभाराशेजारी स्टोक्स त्रिज्येचा रकाना घालावा आणि आलेख त्रिज्येवरच काढून घ्यावा, अशी अभ्यास मंडळांना विनंती आहे. त्यासाठी नवे उपकरण लागत नाही.

— जीवरसायनशास्त्राचे काही प्राध्यापक, नागपूर