पेशंट सोडून सगळ्यांना माहीत असतं

संपादक साहेब,

दरवर्षी ऑक्टोबर आला की तुमच्या पुरवणीत ब्रेस्ट कॅन्सरवर पानभर येतं, गाठ कशी तपासायची, मॅमोग्राफी कधी करायची वगैरे, चांगलं असतं, मी कात्रण ठेवते. पण निदान झाल्यावर आपल्या घरांत जे नाटक सुरू होतं त्यावर कुणीच लिहीत नाही.

डॉक्टर रिपोर्ट बघतात, मुलगा नाहीतर जावई मागून खुणावतो, पेशंटला "जरा बाहेर बसा" म्हणतात आणि ज्याचा आजार त्याला सोडून सगळ्यांना कळतं. मग घरी अल्सर, इन्फेक्शन, साधी गाठ असं काहीतरी ठरतं, फाइल कपाटावर जाते, भेटायला येणाऱ्यांना दारातच "त्यांना माहीत नाहीये हं" म्हणून दटावलं जातं. टाटाला न्यायचं असेल तर अजून कसरत. अहो, परळला त्या गेटातून आत गेल्यावर कळायचं काय राहतं? दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलात तर शेजारचं बिऱ्हाड विचारणारच ना, तुमचा कुठला म्हणून!

आमच्या आतोबांना अन्ननलिकेचा होता, घरात ठरलेलं अल्सर. केस गेले, सलाईन झालं की उलट्या, आणि सगळे आपले हसून "बरं वाटेल हं" करतायत. हळूहळू बोलणंच आटलं कारण कुठलाही विषय काढला, दिवाळी म्हणा, शेताची वाटणी म्हणा, की तो तिथेच जाऊन अडकायचा, मग आत्या स्वयंपाकघरातून बाहेर येईना आणि मुलं मोबाइलमध्ये. ते गेल्यावर दहाव्याला घाटावर नेहमीचे सलूनवाले दादा आले होते, त्यांनी आतेभावाला सांगितलं की काकांना पहिल्यापासून ठाऊक होतं, सलाईनच्या बाटलीवरचं नाव वाचून त्यांनी मेडिकलवाल्याला विचारलेलं. दुकानात तासतासभर बसून बोलायचे म्हणे, शेत कुणाला, पेन्शनचे कागद हिला जमतील का, शेवटी फार दुखतं का. आणि वर दम, घरी बोलू नकोस, ती घाबरेल.

म्हणजे घरचे त्यांच्यापासून लपवतायत, ते घरच्यांपासून. आत्याला त्या दुखण्यापेक्षा याचा जास्त राग आहे. "त्याला सांगितलं, मला का नाही" एवढंच म्हणते.

सांगितलं तर माणूस खचतो म्हणतात. खचतात काही, खरंय. पण बऱ्याचदा आपल्यालाच त्याच्यासमोर रडायचं नसतं हो, आणि ते आपण प्रेमाच्या नावावर खपवतो.

डॉक्टरांनाही हे सोयीचं पडतं. त्यांच्या आचारसंहितेच्या 2002 च्या नियमांत आजाराची कल्पना पेशंटला, नातेवाइकांना किंवा जबाबदार मित्रांना असावी असं आहे, आता त्या "किंवा"तून कुणीही निसटेल. उलट 2008 मध्ये समीरा कोहली केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की इमर्जन्सी नसेल तर सज्ञान पेशंटची संमती त्याचीच लागते, तिथे आईची संमती घेऊन केलेलं ऑपरेशन कोर्टाने मान्य केलं नव्हतं. मग अल्सर समजून बसलेला माणूस केमोच्या फॉर्मवर कशाला संमती देतो?

ज्यांना खरंच ऐकायचं नाही त्यांच्यावर लादा असं मी म्हणत नाही. पण पहिल्याच व्हिजिटला पेशंटला विचारा, तुम्हाला किती सांगू आणि कुणासमोर सांगू, नातेवाइकांना बाहेर बसवून. आणि येत्या ऑक्टोबरच्या पुरवणीत अर्धं पान यासाठी ठेवा, एखाद्या पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे गंभीर आजारात त्रास कमी करणाऱ्या, डॉक्टरांकडून किंवा समुपदेशकाकडून लिहून घ्या की घरी हे सांगायचं कसं, पहिलं वाक्य काय बोलायचं. लोकांना तेच जमत नाही.

एक वाचक, कराड